अर्धं भाषांतर

"तुला अक्कल चालवायला बोलावलेलं नाही. तिला घरची आठवण येते, एवढं सांग आणि खाली उतर."

ट्रस्टच्या अध्यक्ष काकू माईकवर हात ठेवून बोलल्या. हात नीट बसला नव्हता. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. मराठी कळणाऱ्यांनी माना खाली घातल्या. पहिल्या रांगेतल्या गोऱ्या देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, स्वागत चाललंय.

अमेरिकेतल्या फ्रिस्को शहरातला बँक्वेट हॉल. विस्थापित अफगाण कुटुंबांना सुखरूप मायदेशी पोचवायचं, तिथे पुन्हा उभं करायचं, असा इथल्या मराठी मंडळींच्या ट्रस्टचा नवा प्रकल्प. स्टेजवर समई, शाल, श्रीफळ. सत्कारमूर्ती नर्गिस, काबूलची शिक्षिका. नारळाचं काय करायचं ते न कळून तान्ह्या बाळासारखा धरून उभी. दिल्लीत काही वर्षं काढल्यामुळे तिला हिंदी येतं. ते इंग्रजीत सांगायला मी. एरवी मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चुका दाखवायचा पगार घेते.

नर्गिसची बहीण दोन मुलींना घेऊन पेशावरला राहते. तिच्या खोलीचं भाडं ट्रस्ट देत होता. आता भाडं बंद, परतीचा ट्रक सुरू. नर्गिस स्टेजवरून या परतीला 'हो' म्हणाली की पहिल्या ट्रकमध्ये बहीण.

नर्गिस 'हो' म्हणाली नाही. म्हणाली, "देश माझा आहे, मी जाणारच. पण बहिणीच्या मुलींना तिथे शाळा नाही. तिचा नवरा जुन्या सैन्यात होता. नव्या राजवटीचे लोक तिचं दार शोधून काढतील. आज पाठवू नका."

हे हिंदीत. हिंदी न कळणारी फक्त पहिली रांग होती. बाकी सगळ्यांना कळलं होतं.

तेव्हा काकूंचा हात माईकवर आला.

आल्या आल्या काकूंनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग "हं." तो "हं" मी नागपूरपासून ओळखते. गावाने बहिष्कार टाकलेल्या माझ्या आजोबांनाही असंच सन्मानाने गावात परत नेलं होतं. समेट झाला. पुढाऱ्यांनी हार घातले, फोटो काढले आणि जीपमध्ये बसून गेले. विहीर बंदच होती. मारणारे शेजारीच होते. आजोबा दुसऱ्यांदा गाव सोडून निघाले, तेव्हा फोटो काढायला कुणी आलं नाही.

नर्गिस हळूच म्हणाली, "पूरा बोलना, बहन."

ट्रस्टच्या समितीत माझा मॅनेजर बसला होता. माझा व्हिसा त्याच्या कंपनीचा.

"काकू, हात काढा."

त्यांनी काढला नाही. मी काढला. आणि सगळं सांगितलं. शाळा. नवरा. दार. आज पाठवू नका. पहिल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. "त्या बहिणीला कुणी विचारलं होतं का?" काकू समईची वात सारखी करू लागल्या.

ट्रकचं सध्या 'पुढे बघू' झालंय. भाडं अजून बंदच आहे.

सोमवारी मॅनेजर म्हणाला, "यार, थोडं ॲडजस्ट करायचं ना." मग समितीचा मेसेज आला, पुढच्या कार्यक्रमाला दुसरा दुभाषी बघतोय.

बघा. मी श्रोत्यांत बसणार आहे. त्याने एक वाक्य गाळलं, तरी उभी राहून ते मोठ्याने म्हणणार आहे. नर्गिस आपण होऊन निघेल, त्या दिवशी तिची बॅग मी उचलीन. तोवर तिच्या वतीने निघायचं कुणी ठरवायचं नाही.