इस्त्री केलेला फाटका झगा

बाईसाहेबांनी माझ्या झग्याची कड दोन बोटांत धरली, जरा उचलून बघितली आणि सोडून दिली. मग मागं वळून मंडळाच्या बायकांना म्हणाल्या, "हिला हा बदलायला सांगा. फोटो परदेशी जायचाय. असल्या झग्यात ही हरिजनाची पोर वाटेल तरी का कुणाला?"

झगा नवा होता. पिवळा, बारीक फुलांचा. आईनं लक्ष्मीपुरीच्या बाजारातून कापड आणलेलं आणि गावातल्या खातूनबीनं तो शिवलेला. मी खातूनबीच्या मशीनपाशी हट्ट धरून बसले आणि त्याला खिसा लावून घेतला. हेल्गाबाईच्या झग्याला खिसा होता, म्हणून मलाही पाहिजे होता. त्यात मी पेन्सिल ठेवली होती आणि सकाळपासून उठता-बसता ती चाचपत होते.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. हेल्गा डेन्मार्कहून कोल्हापुरात वर्षभर शिकायला आलेली. संध्याकाळी सायकल मारत कसबा बावड्याला यायची आणि आमच्या महारवाड्यातल्या समाजमंदिरात पोरींना फुकट शिकवायची. बाराखडी तीही नुकतीच शिकलेली, त्यामुळं आमच्या चुकांवर ती कधी चिडली नाही. एकदा ती सायकलसकट उसाच्या पाटात पडली. एकदा कुस्त्यांच्या फडात जाऊन बसली, जिथं बाई माणूस कधी फिरकत नाही. पैलवानच लाजले म्हणे. आमच्या घरी भाकरीबरोबर तिनं खर्डा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना "छान, छान" म्हणत राहिली. आमचा तिच्यावर फार जीव होता.

ती राहायची बाईसाहेबांच्या बंगल्यात. बाईसाहेब शहरातल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षा. हेल्गा त्यांच्या शेजारी पाटावर बसून जेवायची. तिच्या देशात ती गाईच्या मांसासकट काय काय खाते ते तिनं आम्हाला हसत सांगितलं होतं. माझी आई त्याच बंगल्यावर गवताचा भारा घेऊन जायची, आणि तिला पाणी मात्र वरून ओंजळीत ओतायचे. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वर्गातल्या पाट्या मंडळाच्या होत्या, गॅसबत्ती मंडळाची होती, म्हणून आम्ही सगळे गप्प होतो.

फोटो बघून हेल्गाच्या गावची माणसं मदत धाडणार, वर्गाला चांगली खोली होणार, असं ठरलेलं. म्हणून आयांनी पोरींना न्हाऊ घातलं, तेल चोपडून घट्ट वेण्या घातल्या. आणि बाईसाहेबांच्या गाडीतून गाठोडं उतरलं. त्यात झगे होते. फाटके. धुतलेले आणि वर इस्त्री केलेले. फाटक्या झग्याला इस्त्री मी आयुष्यात तेवढीच बघितली.

मंडळाच्या बायकांनी वेण्या सोडल्या, केस विस्कटले. शालन सगळ्यांत आधी तयार झाली. शालन आमच्या शेजारची, माझ्याहून मोठी. धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून शाळेचं तोंड तिनं बघितलं नव्हतं. हा वर्ग हीच तिची शाळा. नुकती कुठं ती अक्षराला अक्षर जोडायला लागली होती.

माझी पाळी आली. मी खिशात हात घालून उभी राहिले.

आई दाराशी होती. म्हणाली, "घाल की गं. फोटूपुरतं तर हाय."

हेल्गा कॅमेरा गळ्यात घालून उभी. तीही हळू आवाजात म्हणाली, "फक्त फोटोसाठी."

"मी न्हाय काढणार. माझा हाय त्यो."

"मग बाजूला हो," बाईसाहेब म्हणाल्या.

"बाजूलाबी न्हाय होणार."

मी हलले नाही. शालननं माझ्याकडं बघितलं. मग ती समाजमंदिराच्या मागं गेली आणि आपलं विटकं परकर-पोलकं घालून, वेणी घालत घालतच परत आली. तिच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या. फाटके झगे जमिनीवर पडले. मंडळ गाडीत जाऊन बसलं. जरा वेळानं ड्रायव्हर परत आला आणि खुंटीवरची गॅसबत्ती काढून घेऊन गेला.

वर्ग मोडला. हेल्गा काही दिवस उजेड असताना आली, पण पोरी कामावरून यायच्या त्या अंधार पडल्यावर. जायच्या आधी ती आमच्या दारात आली. म्हणाली, "बाईसाहेब काय बोलल्या ते मला कळलं होतं. सगळं कळलं होतं." आईला बंगल्यावरचा भारा बंद झाला. त्याचा बोल तिनं मला लावला नाही.

आणि मी? मी तोऱ्यात होते. वस्तीत माझं नाव झालं होतं. पोरीनं बाईसाहेबांना न्हाय म्हटलं. मी तर सकाळी शाळेतही जात होते, माझं काहीच अडलं नव्हतं. शालन भिंतीपलीकडं राहत होती. मला वाचता येत होतं. घरचा कंदील उचलून तिच्याशेजारी बसायला मला काय झालं होतं? मला ते सुचलंच नाही. पुढं तिला शाहूवाडीकडं, मलकापूरजवळच्या डोंगरातल्या गावात दिली. मी लग्नात जेवले आणि घरी आले.

मी मास्तरीण व्हायचं शिकत होते तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर कुणीतरी माझा दंड धरला. शालन. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. म्हणाली, "ही मलकापूरची हाय का बघ की." गाडीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी वाचून सांगितलं. मग मीच त्या दिवसाचा विषय काढला. तिनं बोचकं सारखं केलं.

"तू झगा काढला न्हाईस, ब्येस केलंस," ती म्हणाली. "पर दिवाबी न्हेला की त्यांनी."

एवढंच बोलली. रागानं नाही. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता समाजमंदिरात वर्ग मी चालवते. कंदील माझा, तेल माझं. मध्यंतरी मंडळाकडून निरोप आला की विजेचा दिवा लावून देतो, उद्घाटनाला फोटो काढू. मी नाही म्हणून कळवलं. या खेपेला नाही म्हणताना वर्गात उजेड होता.

पण शालन या वर्गात नाही. मागच्या रविवारी मी पाटी घेऊन तिच्या गावाला गेले. ती म्हणाली, "आता कुठली सवड, बाई." भाताची लावणी आहे, सासू आहे, दोन पोरं आहेत. खरंच तिला सवड नाही. होती ती सवड माझ्यामुळं गेली. या रविवारी मी पुन्हा मलकापूरची गाडी धरणार. तिनं हाकललं तर त्याच्या पुढच्या रविवारी. ती भाकरी थापेल तिथं बसेन, ती लावणीला जाईल त्या बांधावर बसेन. स्टँडवर उभं राहून गाडीची पाटी ती स्वतः वाचेल, तोवर झग्याची ही गोष्ट मी शौर्याची म्हणून कुणाला सांगणार नाही.