उंटरावांचा गेटपास

चाकणच्या ज्या कंपनीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवतात, तिथल्या चार नंबर लाइनीच्या शेवटच्या टेबलावर शालनबाई एकोणीस वर्षं उभ्या आहेत. आधीच्या अकरा जणींनी शिवलेलं कव्हर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. एखादा टाका जरा इकडचा तिकडं झाला, की शालनबाई त्या कव्हराला लाल टेप बांधतात आणि डाव्या हाताला ठेवून देतात. मग ट्रॉली घेऊन ज्योतीराम येतो, लाल टेपचं सगळं उचलतो आणि भंगाराच्या पेटीत टाकतो. यावर शालनबाईंशी हुज्जत घालायची कुणाची छाती होत नाही. सुपरवायझरसुद्धा त्यांच्याशी बोलण्याआधी घसा साफ करून घेतो.

हुज्जत घालणारी एकच बाई होती, लातूरकडची सुमनताई. उंटराव तिनेच शिवले. सहा वर्षांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, सीटच्या उरलेल्या कापडाचा आणि फोमचा हातभर उंचीचा उंट. शालनबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मान वाकडी हाय. नापास."

"उंटाची मान वाकडीच असती की ओ बाई!" सुमनताई म्हणाली आणि उंटरावांना खुशाल आपल्या मशिनवर बसवलं.

तेव्हापासून लाइनीतली कुणीही बाहेरगावी निघाली की उंटराव तिच्या पिशवीत. तुळजापूर झालं, कोकण झालं, देहूरोडच्या एका लग्नात तर नवरीच्या शेजारी बसून फोटो झाला. फोटो ग्रुपवर पडला नाही तर बाकीच्या जणी जीव खातात. पण कापड पडलं कंपनीचं. त्यामुळे गेटवरचे सोपानराव उंटरावांना कागदाशिवाय बाहेर सोडत नाहीत. दर वेळी रीतसर गेटपास बनतो: कापडी उंट, नग एक, परत येणार.

यंदा कंपनीची सहल गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला घाटाखालच्या थीम पार्कात निघाली. आजवरच्या सगळ्या सहली शालनबाईंनी चुकवल्या होत्या. गाय कोण बघणार, भात कोण काढणार, काहीतरी कारण असायचंच. खरं कारण वेगळं होतं. बाईंना उंचीची भारी भीती, जत्रेतला पाळणासुद्धा त्यांनी लांबूनच पाहिलेला. यंदा मात्र त्यांनी नाव दिलं ते सुमनताईसाठी. सुमनताईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन नेमकं त्याच गुरुवारी ठरलं होतं, पिंपरीच्या हॉस्पिटलात, दुपारी चार वाजता. जिने वर्षभर रोलर कोस्टरचे व्हिडिओ दाखवून सगळ्यांना वीट आणला होता, तीच नेमकी खाटेवर. शालनबाई भेटायला गेल्या, तर हात सोडेना.

"लई भ्या वाटायलंय मला, शालनबाई. माझा उंट त्या रोलर कोस्टरात बसलेला दिसला ना, तर हसत आत जाईन बघा. चारच्या आत दावा मला."

शालनबाईंनी शब्द दिला. आणि शालनबाईंचा शब्द म्हणजे लोखंडी काम.

गुरुवारी सकाळी बस निघाली तेव्हा शालनबाईंनी साडीवर कंपनीचा भगवा टीशर्ट चढवला होता आणि मांडीवर उंटराव. तळेगाव येईपर्यंत बसमधल्या गाण्यांना आणि टाळ्यांना इतका ऊत आला, की ड्रायव्हरने दोनदा आरशात पाहिलं. पार्कच्या फाटकातून आत शिरल्यावर तर कुठं बघू आणि कुठं नको असं झालं सगळ्यांना. झाडांच्या वरून निळ्या रुळाचं केवढं तरी मोठं वेटोळं दिसत होतं आणि त्यावरून माणसं ओरडत खाली येत होती. शालनबाईंनी एकदा वर पाहिलं आणि लगेच पदर सारखा केला.

बेत पक्का होता. रोलर कोस्टरात उंटरावांना घेऊन तनुजा बसणार. तनुजा म्हणजे लाइनीतली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात उंडारकी. पण तिला दम निघतो थोडाच! आधी ती उंटरावांना पाण्याच्या घसरगुंडीवर घेऊन गेली. खाली आली तेव्हा उंटरावांची मान अर्धी उसवलेली आणि आतला फोम बाहेर.

"काकू, चुकून झालं हो," तनुजा रडवेली झाली.

"चुकून न्हाई, आगाऊपणानं झालं!" शालनबाई कडाडल्या. त्यांनी उंटराव हिसकावून घेतले, पिशवीतून लाल टेपचं बंडल काढलं, गळ्याला एक वेढा मारला आणि जेवणाच्या लांब टेबलाच्या कडेला, डाव्या हाताला, ठेवून दिले. जेवून शिवू, असा हिशेब. सहलीला कुणी लाल टेप घेऊन येतं का, असं विचारू नका. त्या माहेरी जातानाही घेऊन जातात.

श्रीखंड-पुरी झाली. हात धुऊन शालनबाई परत आल्या, तर टेबल लख्ख पुसलेलं आणि उंटराव नाहीत.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. टेबलाखाली पाहिलं, सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या. अडीच वाजले होते. तेवढ्यात पलीकडून पत्रावळी गोळा करणारा ज्योतीराम आला. "शालनबाई, काय शोधताय?"

"उंट शोधतीय! हितं ठेवला व्हता!"

ज्योतीरामचा चेहरा पांढरा पडला. "त्याला लाल टेप व्हती ना? मी टाकला. लाल टेप दिसली, हातानं उचललं. डोक्यानं काय बघितलंच न्हाई."

अकरा वर्षं ज्योतीरामचं काम हेच: लाल टेप दिसली की उचलायचं आणि टाकायचं. शालनबाई त्याला काय बोलणार? टेप कुणी बांधली होती?

मग काय ती पळापळ! भगव्या टीशर्टांची अख्खी लाइन स्वयंपाकघराच्या मागे धावली. कचऱ्याची गाडी निघायच्या बेतात होती. ज्योतीराम सरळ गाडीवर चढला, बाह्या सावरून आत घुसला आणि पाचव्या पोत्यातून उंटरावांना वर काढलं. कुबडावर श्रीखंड, कानात पुरीचा तुकडा. बायकांनी अशी आरोळी ठोकली, की गाडीवाला दचकला.

नळाखाली धुतलं, पिळलं. गळ्यातली लाल टेप जरा वर सरकवून शालनबाई कठड्यावर बसून शिवायला लागल्या. ओला फोम सुई घेईना, पिशवीत दोरा फक्त हिरवा. टाके वेडेवाकडे पडत होते आणि ते शालनबाईंना दिसत होते. उसवून पुन्हा घालायला वेळ नव्हता. सव्वातीन.

"द्या काकू, मी बसते घेऊन," तनुजा म्हणाली.

शालनबाईंनी उंटरावांची मान हलवून पाहिली. पहिल्याच झटक्याला सुटेल अशी शिवण. "न्हाई. ही मान खालनं मुठीत धरून बसाय लागंल. माझ्या हातची शिवण हाय, मीच धरते."

रोलर कोस्टरच्या रांगेत तनुजाने पुढच्या लोकांना सुमनताईची गोष्ट सांगितली. लोकांनी हसत वाट दिली. फाटकावरचा माणूस म्हणाला, सुटी वस्तू चालणार नाही. मग उंटराव शालनबाईंच्या टीशर्टात गेले, गळ्यातून फक्त डोकं बाहेर. वरून पट्टा, वरून दांडा. तनुजाने खाली उभं राहून हॉस्पिटलात व्हिडिओ कॉल लावला.

गाडी टकटक करत वर चढायला लागली. शालनबाईंनी एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने मान धरली. पार्क खाली गेला, झाडं खाली गेली. "सुमने, तुझ्यापायी!" एवढंच त्या बोलल्या आणि गाडी सुटली. पोट वर राहिलं, बाई खाली आल्या. मग खाली डोकं वर पाय झाल्या, मग पुन्हा सुलट्या. त्या ओरडल्या. आधी भीतीने, दुसऱ्या वळणानंतर नुसत्याच, मग चक्क हसू फुटलं आणि आवरेना. एकोणीस वर्षं लाइनीवर कुणी ऐकलं नव्हतं असं हसू. मूठ मात्र सुटली नाही.

शालनबाई खाली उतरल्या. तनुजाने फोन पुढं धरला. हॉस्पिटलच्या हिरव्या गाऊनमध्ये सुमनताई डोळे पुसत हसत होती.

"दिसला का गं उंट?"

"दिसला की! तुम्हीबी दिसलात. केवढ्यानं बोंबलत होतात ओ!" मग ती फोनच्या जवळ आली. "त्याची मान कशी दिसायलीय? कुणी शिवली?"

शालनबाईंनी टीशर्टातून उंटरावांना बाहेर काढलं आणि हिरव्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. एकही टाका सरळ नव्हता.

"मी शिवली. वाकडी हाय," त्या म्हणाल्या. "पास हाय."

सुमनताई हळूच म्हणाली, "शालनबाई, माझी शिवण वाकडी आली तर?"

"येऊ दे की. मीच पास करनार." शालनबाईंनी उंटरावांना फोनसमोर धरलं. "तुझ्या गेटपासावर बी परत येणारच लिवलंय, सुमन. ये म्हंजे झालं."

चार वाजायला पाच मिनिटं होती. सुमनताई हसली, फोन शेजारच्या नर्सला दिला आणि पडदा काळा झाला. शालनबाईंनी उंटरावांच्या गळ्यातली लाल टेप सोडली, घडी घालून ज्योतीरामच्या हातात दिली आणि पुन्हा रांगेकडे निघाल्या.

"काकू, कुठं?" तनुजा मागे धावली.

"ती बाहेर येस्तवर हितं नुसतं बसून काय करू? चल, या खेपेला पुढच्या सीटवर."