कागदावरची बाई

नरसिंहपूरच्या देवळापाशी मी नारळ विकायची, तेव्हा बारामतीचा एक फोटोवाला नेहमी यायचा. कॅमेरा गळ्यात असूनही तो आधी देऊळ पेन्सिलीनं कागदावर काढायचा. विजेचा खांब त्याला आवडत नसे, म्हणून तो काढायचाच नाही. मग देऊळ कागदावरच्यासारखं दिसावं म्हणून दिवसभर जागा शोधत हिंडायचा.

एकदा त्यानं दारापुढच्या पायरीवर बाई काढली. म्हणाला, "वैनी, उद्या हितं बसा. दार केवढं हाय ते कळाया माणूस लागतं."

माझा फोटो कधी कुणी काढला नव्हता. मी लग्नातली जरीकाठी साडी नेसून गेले.

त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं. "ह्ये काय, वैनी? कागदावरची बाई साधी हाय."

"मग तिलाच बसवा," मी म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली.

खोडरबर काढून त्यानं ती बाई पुसली आणि नवी काढली, पदराच्या काठासकट. मगच कॅमेरा उचलला.

तोवर ऊन सरकलं होतं. फोटोत दार काळं आलं, पायरीवर माझ्या साडीची जर तेवढी चकाकली. वाया गेलेला म्हणून त्यानं तो फोटो मला देऊन टाकला.

आमच्या भिंतीवर तेवढा एकच फोटो आहे.