पाचव्या महिन्यातलं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे मला ठाऊक होतं. पण बाळाच्या हृदयाला काही झालं तर तेही माहेरचंच, हे मला ओतूरला, सासरी कळलं.

पाचव्या महिन्यात नारायणगावला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पोटावर एकाच जागी यंत्र फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हृदयाच्या पडद्याला छिद्र असावं अशी शंका आहे. खात्री नाही. पुण्याला जाऊन बाळाच्या हृदयाची इको करून घ्या." मी शंका घेऊन घरी आले. घरात ती ऐकताच सगळ्यांची खात्री झाली.

सासूबाईंनी आधी विचारलं, "तुज्या म्हायेरी कुणाच्या काळजाला काय व्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"आमच्यात तर कुणालाच न्हाई." झाला निकाल. "पयलं बाळंतपण म्हायेरचं आसतं. मंग कुटं दाखवायचं, काय करायचं, ते त्यांनीच बगावं."

आमच्याकडे माहेरी पाठवतात ते सातव्यात, डोहाळजेवण झाल्यावर. मला पाचव्यातच काढलं. शेजारणींना सांगितलं, पोरीला आईची लई आठवण येतीय. ओटी भरली तीही दार लोटून. नवरा म्हणाला, "आई म्हणतीय तर जा ना. पुण्याला येतो मी." एसटीत त्यानं खिडकीची जागा धरून दिली. तेवढं पुण्य त्याच्या पदरात टाकते.

अवसरीला आईनं मला दारात पाहिलं आणि काही न विचारता ताट वाढलं. मला तिच्या त्या न विचारण्याचाही राग आला. तेव्हा मला सगळ्यांचाच राग येत होता, पोटातल्या जिवाचासुद्धा.

इकोच्या दिवशी नवऱ्याचा फोन आला, "कांद्याची गाडी भरायचीय, निघता येत नाय." मी आणि आईच गेलो. पुण्याच्या डॉक्टरांनी सावकाश सगळं तपासलं. छिद्र नव्हतं. चारही कप्पे चांगले होते. त्यांनी ठोक्यांचा आवाज मोठा केला आणि म्हणाले, "मिस्टरांना बोलवा, त्यांनाही ऐकू दे."

"ते आले नाहीत," मी म्हटलं. मग आईला आत घेतलं. पदर तोंडाला लावून ती ढसाढसा रडली.

फोनवर नवरा म्हणाला, "सुटलो बाबा! आता आईला सांगता येईल." दुसऱ्याच दिवशी सासूबाई पेढे घेऊन हजर. "आमच्या वंशात आसलं काय आसतंय व्हय?" पुढे थाटात डोहाळजेवण झालं. फुलं माळून मी झोपाळ्यावर बसले, फोटोत हसलेसुद्धा.

मुलगी आता शाळेत जाते. बापाचा तिच्यावर जीव आहे, खोटं कशाला बोलू. परवा तिला छातीशी धरून त्यानं विचारलं, "पोटात व्हती तवा हिचे ठोके कसे वाजायचे गं?"

मला तो आवाज अजून जसाच्या तसा ऐकू येतो. मी म्हटलं, "आठवत नाही."