फ्रेंचबाईंचं पाणी

नळाला पाणी आलं की फ्रेंचबाई आधी घागर लावायच्या नाहीत. धारेखाली तळहात धरायच्या आणि डोळे मिटून हळूच म्हणायच्या, "आक्वा."

तुम्ही सोलापूरचे असाल तर सांगायला नको, आमच्याकडे पाणी काही रोज येत नाही. आलं की शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात नुसती धांदल. त्या धांदलीत कॉलेजात फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या या बाई आपल्याच तंद्रीत उभ्या.

"अवो बाई, घागर लावा की! जाईल पाणी," समोरच्या पद्माक्का ओरडायच्या.

"जाऊ दे. कुठं कुठं जाऊन आलंय ते!" मग बाई सांगायच्या, पाण्याचा लॅटिन शब्द आक्वा स्पेनला गेला, आग्वा झाला. रुमानियात गेला, आपा झाला.

"या अल्ला, आपा तो मैंच हूँ की!" अख्खा बोळ जिला आपा म्हणतो, ती शेजारीण हसत सुटायची.

"आणि फ्रान्सात?" मला माहीत असायचं, तरी मी विचारायचे.

"तिथं पोचेपर्यंत झिजला गं. नुसता 'ओ' उरला." बाईंची नजर कुठंतरी लांब जायची. फ्रान्स त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर पुण्याची मुलगी येऊन राहिली. आईच्या या भाषांचा तिला लहानपणापासून कंटाळा.

एका दुपारी मी गेले, तर मुलगी उशाशी बसून हाका मारत होती, "आई, ए आई!"

बाईंचे ओठ हलले. "ओ."

"ऐकलंत मावशी? ओ दिली!" ती रडता रडता हसली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. पण बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या. माझ्या एकदम लक्षात आलं.

"अगं, ओ नाही देत त्या. पाणी मागतायत."

मुलीनं त्यांना टेकवून बसवलं, चमच्यानं थेंब थेंब पाणी दिलं. बाईंचा चेहरा निवला.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

सगळं आटोपल्यावर, पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी, मुलगी माझ्या पायरीवर येऊन बसली. मग म्हणाली, "मावशी, आई तुम्हाला आणखी काय काय सांगायची?"

मी आठवेल तसं सांगत गेले. गुडघ्यांवर हनुवटी टेकून ती ऐकत होती. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळच्या वाऱ्यानं फुगत होत्या.