लेक टाळ्या वाजवीना

दुष्काळाचं साल होतं. पाथर्डीकडच्या आमच्या गावातल्या सगळ्या बाया खडी फोडायच्या कामावर जायच्या, मीही जायचे. पहिली लेक तेव्हा नुकती रांगायला लागलेली. बाभळीला झोळी बांधायची, तिला आत टाकायची आणि हातोडा घेऊन बसायचं. एवढा दगडांचा ठणठणाट, पण ही आपली निवांत झोपलेली! मला आधी बरंच वाटायचं बघा, गुणाची लेक म्हणून.

मग धाकट्या जावेचा मुलगा टाळ्या वाजवायला लागला. हिच्याहून लहान तो. "बाप्पाला जे जे कर" म्हटलं की हात जोडायचा, यष्टी दिसली की टाटा करायचा. आमची नुसती टुकुटुकु बघायची. मी तिचे हात धरून जोडायचे. सोडले की पडलेच खाली.

एक दिवस जाऊ म्हणाली, "अक्का, हिला ऐकू येतंय ना वो?"

हसतच म्हणाली. पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. तिच्या मागे जाऊन तांब्या वाजव, परात आपट. कधी दचकायची, कधी नाही. खडीच्या आवाजात निजणारं लेकरू परातीला काय भिणार? पण तेव्हा एवढा पोच कुठला मला! सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "तुजा नवरा तरी कुटं लवकर बोलला? आन् आता तरी कुटं बोलतोय?"

जाऊ खो खो हसली. मला हसू येईना. बहिऱ्या पोरीला कोण करून घेणार, कोण नांदवणार, इथपर्यंत मी जाऊन पोचले होते.

एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. लेक माझ्याकडे पाठ करून वाटीशी खेळत बसलेली. बाहेर मामंजी, म्हणजे सासरे, खाकरले. त्या काळी सासरे खाकरल्याशिवाय घरात पाऊल टाकत नसत आणि तो आवाज आला की आम्ही सुनांनी पदर पुढे ओढून मान खाली घालायची. पिठाच्या हातानेच मी ओढला. बघते तर लेकीने अंगाखालचं फडकं दोन्ही मुठींनी धरून डोक्यावर घेतलेलं, मान खाली! अहो, पाठ होती तिची माझ्याकडे. मला बघून नव्हे, खाकरणं ऐकून केलं तिने.

मामंजी दारातच थबकले. आत्याबाईंना म्हणाले, "अगं, ही कुनाची सून आणून बसवली चुलीपुढं?"

"तुमचीच की! आजून दात न्हाईत, पर मान राखती बगा," आत्याबाई म्हणाल्या. दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसले. मी आपली पदराआड रडतेय आणि तव्यावर भाकरी करपतेय.

ऐकू येत होतं माझ्या बाईला. पण टाळ्या नाहीत, जे जे नाही, माझं बघून पहिलं शिकली ते मान खाली घालणं. दुसऱ्या दिवशी मामंजी खाकरले आणि माझा हात पदराकडे जाता जाता अडला. पदर घेतला मी, न घेऊन सांगते कुणाला! पण घ्यायच्या आधी वळून पाहिलं, लेक बघतेय का ते. पुढे कितीतरी दिवस तशीच बघत राहिले.