बेंचवरची मुलगी

मोठ्या सल्लागार कंपनीत नव्या पोरांना काम कसं मिळतं, हे मी प्रकाशा या आमच्या गावी घरच्यांना समजावून सांगायला गेले आणि फसले. एक प्रोजेक्ट संपला की दुसरा मिळेपर्यंत आम्ही ‘बेंच’वर. पगार चालू, काम बंद. मग आपली सगळी हुशारी एका पानावर मांडायची, मॅनेजर लोकांशी गोड बोलायचं आणि त्यांनी ‘कळवतो’ म्हटलं की फोनकडे बघत बसायचं.

आई म्हणाली, “म्हंजे बायोडाटाच ना?”

वडिलांना वेगळीच शंका. “काम नई नि पगार देतस? असी कसी कंपनी शे?” केळीच्या बागेत कुणाला नुसतं बसवून मजुरी द्यायची, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी निकाल दिला: होळीपर्यंत काम मिळालं तर ठीक, नाहीतर पुणं पुरे, स्थळं बघू. शहाद्याचे एक लांबचे मामा मोबाइलमध्ये मुलांचे फोटो घेऊन तयारच होते. म्हणजे मला खपवायला आता दोघं झटत होती, मामा आणि कंपनीत माणसं नेमणाऱ्या मॅडम. मामांचा झपाटा जास्त होता.

मला हवा होता सिंगापूरच्या बँकेचा प्रोजेक्ट. मॅडमचा फोन आला, “तुझ्यासाठीच असल्यासारखं काम आहे. नंदुरबार जिल्हा!” मी हसले. त्या हसल्या नाहीत. सातपुड्यातल्या बायकांच्या बचत गटांचं काम होतं आणि माझ्या पानावर नंदुरबार लिहिलेलं होतं. मी स्वच्छ सांगितलं, “मी तापीकाठची. आम्ही अहिराणी बोलतो. वर डोंगरात पावरी बोलतात, मला त्यातलं अक्षर कळत नाही.”

“किती विनयशील आहेस गं,” म्हणत त्यांनी मला नेमून टाकलं.

वडिलांनी विचारलं, “तुले पावरी येस का?”

“नई.”

“मंग तठे काय बोलशी?”

डोंगरातल्या काठी नावाच्या गावाच्या पुढे, आणखी एका गावात पहिली बैठक झाली. दिल्लीहून आलेले मॅनेजर माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होते. मी शुद्ध मराठीत सुरुवात केली. बायकांनी ती शाळेत साहेब आल्यावर ऐकतात तशी ऐकली. मग मी अहिराणीवर आले, तर एकीला हसूच फुटलं. शेवटी एका म्हातारीने मला काहीतरी लांबलचक विचारलं.

“काय म्हणतात?” मॅनेजर कुजबुजले.

खरं बोलावं तर पुन्हा बेंच, आणि बेंचच्या पलीकडे मामा मोबाइल घेऊन उभे. पण त्या म्हातारीच्या तोंडी माझ्या मनाचं काही घालायचं, हे मला जमेना.

“मला कळलं नाही,” मी म्हणाले. “दोन्ही भाषा येणारी इथलीच एखादी बाई पगारावर घ्या, सर. नाहीतर आपला अहवाल म्हणजे नुसत्या थापा होतील.”

घाट उतरेपर्यंत सर वहीत काहीतरी लिहीत होते. मी मनातल्या मनात मामांच्या फोटोंमधला त्यातल्या त्यात बरा मुलगा निवडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातली एक बाई कामावर घेतली. प्रोजेक्ट संपताना माझ्याबद्दल लिहिलं, ‘स्थानिक परिस्थितीची उत्तम जाण.’ आणि पुढच्या कामासाठी मला नाव घेऊन मागून घेतलं. आमच्या कंपनीत कुणी असं नाव घेऊन मागितलं की तुमचं ते पान कुणी उघडूनही बघत नाही. काम ओडिशाच्या डोंगरात होतं. मी म्हटलं, “सर, मला तिथली भाषा येत नाही.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

होळीला मी घरी आले, पण ही बातमी सांगायला वडिलांसमोर तोंड उघडेना, ओडिशा फार लांब होतं. शेवटी जेवताना सांगून टाकलं. त्यांनी भाजी वाढून घेतली. तेवढ्यात त्यांना मामांचा फोन आला. नवापूरचा मुलगा, स्वतःच्या कोंबड्यांच्या शेड, रविवारी बघायला येतात. आवाज पार माझ्या ताटापर्यंत येत होता.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी हातात धरून तशीच बसले होते.

“पोर घर नई शे,” ते फोनमध्ये म्हणाले. “कामवर शे.”